काळीवरची घरे



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे राजे, लढाया आणि तह यांवर बोलायचे, असा एक संकेत पडून गेला आहे. गाविलगडावर बोलावे, अचलपूरच्या इमादशाहीवर बोलावे, १८५३च्या करारावर बोलावे. हे विषय मोठे आहेत आणि त्यांवर अधिकाराने बोलणारे विद्वान वऱ्हाडात आहेत. माझे आयुष्य ज्या माणसांची संघटना बांधण्यात गेले, ती माणसे पाया खणतात, विटा वाहतात, सळई बांधतात, स्लॅब टाकतात. त्यांच्या कामालाही इतिहास आहे. तो सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आज मी तो विषय घेतला आहे.

प्रश्न साधा आहे. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांच्या नव्या वसाहतींतून एक फेरी मारा. रंग लावून फार दिवस झालेले नाहीत अशा घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा वर गेलेला दिसतो. उन्हाळ्यात त्यात बोट जाते आणि पावसाळ्यात तो मिटल्यासारखा होतो. दार एका ऋतूत लागते, दुसऱ्या ऋतूत अडते. फरशी मध्येच उचलली जाते. आणि त्याच शहरापासून दहा-वीस मैलांवर, एखाद्या खेड्यात, शे-दोनशे वर्षांची मातीची गढी पडझड सोसून का होईना, उभी असते. हे असे का व्हावे?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. यात दोष मातीचा नाही, सिमेंटचाही नाही. आमच्या मातीवर घर कसे बांधावे याचे ज्ञान वऱ्हाडला दोन वेळा मिळाले. एकदा परंपरेने आणि एकदा शास्त्राने. पहिले आम्ही सोडून दिले आणि दुसरे ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज होती त्याच्या दारापर्यंत पोचलेच नाही. हा सारा इतिहास या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

जुन्या कागदपत्रांत गावाच्या जमिनीचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वतनाच्या बोलीत ‘काळी-पांढरी’ हा जोडशब्द येतो तो शोभेसाठी नव्हे; तो मातीचा खरा भेद आहे. पांढरीची माती मनुष्यवस्तीनेच घडते. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, चुनखडीचे कण हे शतकानुशतके एकावर एक साचत गेले म्हणजे त्या मातीचा चिकटपणा कमी होतो. ती पाण्याने फारशी फुगत नाही आणि उन्हाने फारशी फाटत नाही. भोवतालच्या शिवारापेक्षा ती उंचही असते. पुराणवस्तुसंशोधक अशाच पांढरीच्या टेकाडांच्या शोधात असतात. वर्धेच्या काठच्या कौंडिण्यपुरास १९६०च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा हीच गोष्ट दिसली की, जुनी वस्ती मोडली तरी नवी वस्ती तिच्याच थरांवर बसत गेली.

धान्याची पेवे पांढरीत खणीत असत, कारण तिथे दाणा कोरडा राही. धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा थर देत, कारण ती माती पाणी धरून फुगत नसे आणि फाटून गळतही नसे. देशमुख-पाटलांच्या गढ्या याच मातीच्या. ‘घर पांढरीत, पीक काळीत’ हा व्यवहार आमच्या पूर्वजांनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठरविला होता. मात्र एक गोष्ट येथे झाकून ठेवता येणार नाही. पांढरीही सर्वांना सारखी मिळाली नव्हती. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांची घरे बहुधा पांढरीच्या कडेला, नाल्याच्या अंगाला, सखल जागेत असत. वाईट जमिनीवर गरिबाने राहायचे ही रीत सिमेंटच्या आधीची आहे.

आता ही काळी माती आहे तरी काय, ते पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसाने दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. तो झिजून-कुजून ही माती झाली. उत्तरेला गाविलगडाचे डोंगर आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग यांच्या मधल्या खोलगट पट्ट्यात पूर्णा आणि तिच्या उपनद्यांनी ती आणून साचविली. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या बाजूला खणत गेले तरी खडक सहजी लागत नाही. याउलट अमरावती शहराच्या पूर्वेला, वडाळी तलाव आणि छत्री तलावाच्या अंगाला पोहऱ्याचे डोंगर जवळ आल्यामुळे थोड्याच खोलीवर मुरूम आणि पाषाण मिळतो. एकाच शहरात पूर्वेच्या माणसाला एक पाया पुरतो आणि पश्चिमेच्या माणसाला दुसरा लागतो, हे त्यातले मर्म आहे.

या मातीत एका जातीची अतिसूक्ष्म चिकणमाती असते. फ्रान्समधील मॉन्तमोरियों या गावावरून शास्त्रज्ञांनी तिला माँटमोरिलोनाइट असे नाव दिले. तिची रचना पोथीच्या पानांसारखी असते. पाणी दोन पानांच्या मध्ये शिरते आणि पोथी फुगते. पाणी निघून गेले की ती पुन्हा दबते. आमच्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणजे ही पोथी दरवर्षी पूर्ण उघडते आणि पूर्ण मिटते. शेतकऱ्याला याचा फायदाच आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुरभुरीत माती आत पडते आणि रान आपोआप नांगरल्यासारखे होते. जी हालचाल कपाशीला आई होते, तीच भिंतीची सावत्र आई होते.

कशी ते सांगतो. घर बांधले की त्याच्याखालची मधली जमीन झाकली जाते. तिच्यातला ओलावा उडत नाही, ती वर्षभर ओलसर राहते. घराच्या कडेची जमीन मात्र उघडी असते. वैशाखात ती आक्रसते आणि कोपरे खाली बसतात. श्रावणात ती फुगते आणि कोपऱ्यांना वर ढकलते. न्हाणीघराचे सांडपाणी एका बाजूला मुरत असेल किंवा भिंतीला लागून मोठे झाड पाणी ओढत असेल, तर दोन कोपऱ्यांची चाल निराळी होते. घर मधूनच पिळले जाते आणि जिथे भिंत दुबळी, म्हणजे दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांत, तिथे ती फाटते.

यात एक विपरीत न्याय आहे, तो नीट लक्षात घ्यावा. फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवायला वजन लागते. चार मजली इमारतीच्या वजनाखाली ती पुष्कळ अंशी दबून राहते. एकमजली, दोन खोल्यांचे हलके घर मात्र ती सहज उचलते. म्हणजे काळी माती श्रीमंताच्या हवेलीपेक्षा गरिबाच्या घरकुलाला अधिक छळते.

जुन्या बांधकामाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. अकोल्याचा असदगड १६९७चा. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील उंचवट्यावर असून तो १७५७ साली अचलपूरच्या इस्माईलखानाने पुरा केला. पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून अमरावतीचा परकोट निजामाच्या सरकारने १८०७ साली सुरू केला. या बांधकामांत उंच जागा आणि भिंतीचा प्रचंड जडपणा या दोन गोष्टी दिसतात. तेवढे वजन सामान्य रयतेला परवडणारे नव्हते, म्हणून तिने दुसरी युक्ती केली. वाडे आणि घरे लाकडाच्या सांगाड्यावर उभी केली. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, आणि भिंत ही केवळ मधला पडदा. जमीन थोडी हलली तर सांगाडा थोडा कलतो, सांधे थोडे कुरकुरतात, भिंतीची माती पडते; दिवाळीपूर्वी घरची बाई ती पुन्हा लिंपून घेते. चुन्याच्या बांधकामातही हाच गुण होता. घाणीत मळलेला चुना सावकाश घट्ट होतो, थोडे वाकणे सोसतो आणि बारीक चीर काळाने स्वतःच भरून काढतो. जमीन हलणार हे धरूनच ती घरे बांधलेली होती.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते १८६५ या काळात, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. बडनेरा, अकोला, मूर्तिजापूर येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, पुढे कापडाच्या गिरण्या आल्या. कामासाठी खेड्यातून माणसे आली. माती खणणारे आणि दगड फोडणारे वडार, भिंती रचणारे बेलदार, विटा भाजणारे कुंभार यांनी ही शहरे बांधली. कंत्राटदारांच्या वह्यांत त्यांची गणती मजुरी म्हणून झाली. त्यांना मातीविषयी काय ठाऊक आहे हे विचारण्याची पद्धत पडली नाही. तरीही वस्ती अजून मुख्यतः जुन्या पांढरीच्या आसपासच होती आणि छपरे कवेलूंची किंवा पत्र्याची, म्हणजे हलणे सोसणारी होती.

सिमेंट आले ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले होते. हिंदुस्थानात १९१४ साली पोरबंदरला आणि त्याच्या पाठोपाठ कटनीला कारखाने उभे राहिले. कटनी त्या वेळी आमच्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. १९३६ साली पुष्कळशा कंपन्या एकत्र होऊन ए.सी.सी. झाली. सिमेंट-काँक्रीट हा पदार्थ चुन्याच्या उलट स्वभावाचा आहे. तो दाब विलक्षण सोसतो, पण वाकणे सोसत नाही. वाकण्याचा ताण लोखंडी सळईने घ्यायचा असतो, आणि कुठे किती ताण येईल हे ठरवायला जमीन कशी वागणार ते आधी ठाऊक असावे लागते. चुन्याच्या जागी सिमेंट आणि लाकडाच्या जागी काँक्रीट घातले, पण पाया जुन्याच अंदाजाने दोन-तीन हात खणला, की काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

शास्त्र झोपले होते असे मात्र नाही. भारतीय मानक संस्थेने काँक्रीटच्या कामाची पहिली संहिता १९५३ साली काढली. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात डॉ. दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी नेमक्या आपल्या मातीचा प्रश्न हाती घेतला. त्यांचा उपाय इतका सोपा आहे की, ऐकणाऱ्याला तो आपल्यालाच सुचायला हवा होता असे वाटावे. ऋतूप्रमाणे ओल कमीजास्त होते ती एका मर्यादेपर्यंत, सुमारे साडेतीन मीटर म्हणजे साडेअकरा फुटांपर्यंत. त्याखाली माती बारमाही सारखीच असते. मग घर वरच्या चंचल थरावर का बसवावे? मोठ्या गिरमिटाने भोक पाडावे, तळाशी ते फिरत्या पात्याने रुंद करावे, सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट भरावे. बुडाशी दांड्याच्या साधारण अडीचपट रुंदीचा फुगवटा असलेला खांब तयार होतो. माती वर ओढू लागली तरी तो फुगवटा मुळासारखा जमिनीला धरून राहतो. खांबांच्या डोक्यांवर तुळई टाकावी आणि ती जमिनीपासून निदान ८० मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहून थोडी अधिक, वर ठेवावी. माती खुशाल फुगो. तिला श्वास घ्यायला जागा ठेवलेली आहे. या कामाला अवजड यंत्र लागत नाही, गिरमिट माणसे हाताने फिरवू शकतात. १९७३ साली त्याची स्वतंत्र भारतीय संहिताही निघाली.

पुढे मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात दुसरा मार्ग दाखविला. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर दाबून बसविला तर खालची माती आवरली जाते, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. कालव्यांच्या कामात त्याचा मोठा उपयोग झाला. माती किती फुगते हे पाहण्याची परीक्षाही १९७७ साली प्रमाणित झाली. दहा-दहा ग्रॅम बारीक चाळलेली माती दोन काचेच्या मापांत घालायची, एकात शुद्ध पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरायचे, आणि चोवीस तास थांबायचे. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोहोंतला फरक म्हणजे तिची फुगण्याची शक्ती. शाळेच्या प्रयोगशाळेत होईल अशी ही परीक्षा आहे. अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. आमच्या मातीची चर्चा जगातही चालली होती. काळ्या मातीनेच गांजलेल्या टेक्सासमध्ये १९६५ साली या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. सारांश, नव्या वसाहती वाढू लागण्याच्या सुमारासच उपाय हाताशी आले होते.

मग ते घराखाली का गेले नाहीत? येथे माझ्या विषयाचा खरा गाभा आहे.

स्वातंत्र्यानंतर शहरे पांढरी सोडून काळीत उतरली. १९८३ साली अमरावतीची आणि २००१ साली अकोल्याची महानगरपालिका झाली. कालपर्यंत जिथे कपाशी आणि तूर होती तिथे खुंट्या रोवून भूखंड पडले. ज्याच्याजवळ पैसा होता त्याने मोजणी झालेला, मंजूर भूखंड घेतला. ज्याच्याजवळ नव्हता, त्याने गुंठ्या-दोन गुंठ्यांचा तुकडा साध्या कागदावर घेतला. अशा वस्त्यांसाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि २०२१ साली दुरुस्तीने तो २०२० अखेरपर्यंतच्या तुकड्यांना लागू केला. त्यात विकास-शुल्काचा विचार झाला, रस्त्याचा झाला. पायाखालची माती चर्चेच्या बाहेरच राहिली. त्याआधीचा बराच काळ सिमेंटच्या परवान्याचा होता. १९८२ साली नियंत्रण अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठेपर्यंत पोत्यापोत्यासाठी माणूस कचेरीत हेलपाटे घालीत असे. अशा वेळी जे थोडे सिमेंट हाती येई ते दिसणाऱ्या भागात, स्लॅबमध्ये आणि गिलाव्यात जाई. जमिनीत पुरलेला पैसा शेजाऱ्याला दिसत नाही, पाहुण्याला दिसत नाही आणि पुष्कळदा घरमालकालाही तो वाया गेल्यासारखा वाटतो.

त्यातून काही वाईट रिवाज रूढ झाले. पायातून निघालेली काळी मातीच जोत्यात भरून टाकायची, कारण मुरमाचा प्रत्येक ब्रास विकत घ्यावा लागतो. पुढे पावसाळ्यात तीच माती फरशी उचलते. खारपाणपट्ट्यात दुसरा एक घात होतो. पूर्णाकाठच्या विहिरी आणि बोअर यांचे पाणी खारे असते. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे २०००च्या संहितेत आहे. खाऱ्या पाण्याने कालविलेल्या काँक्रीटमधली सळई आतून गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटला फोडून बाहेर येते. वरून तडा सारखाच दिसतो, पण कारण वेगळे असते. उपाय म्हणून लोक त्याच तड्यावर सिमेंट चोपडतात आणि पुढच्या वैशाखात तो पुन्हा उघडतो.

आणि दोष कोणाच्या माथी येतो? मिस्त्रीच्या. घर तडकले की मालक मिस्त्रीला बोलावतो, कंत्राटदार मिस्त्रीकडे बोट दाखवितो. पाया किती खणायचा, मुरूम किती आणायचा, सळई किती घालायची हे मिस्त्रीने ठरविलेले नसते. सकाळी ठिय्यावर उभ्या असलेल्या मजुराला, रेजाला तर हेही ठाऊक नसते की आज कोणाच्या घरी जायचे आहे. पण पहिला फावडा मातीत घालणारा माणूस तोच. कुठे मुरूम लागला, कुठे भराव लागला, कुठे जुनी विहीर बुजविलेली आहे, हे सर्वांत आधी त्याला कळते. काळीतला खोल चर पावसाने ढासळतो तेव्हा त्याखाली सापडतोही तोच. ज्याला सर्वांत आधी कळते आणि ज्याचा जीव सर्वांत आधी धोक्यात येतो, त्याला बोलण्याचा अधिकार नाही, ही आमच्या बांधकामातली सर्वांत मोठी भेग आहे.

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला. महाराष्ट्रात त्याचे कल्याणकारी मंडळ २०११ साली स्थापन झाले. हा हक्क कामगारांनी वर्षानुवर्षे झगडून मिळविला. त्या निधीतून भांड्यांचे संच आणि शिष्यवृत्त्या मिळतात. त्यांचे मोल मी कमी मानीत नाही. पण ठिय्यावरच्या मिस्त्रीला गिरमिटाचा पाया शिकविणारा वर्ग, रॉकेल-पाण्याची परीक्षा करून दाखविणारे एखादे केंद्र, चराच्या भिंतींना आधार देण्याची सक्ती या गोष्टीही कल्याणच आहेत.

सरकारच्या घरकुलाचेही असेच. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग सुरू झाला तेव्हा सपाट प्रदेशातील घराला १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागातील घराला १ लाख ३० हजार रुपये ठरले. डोंगरात बांधायला खर्च जास्त येतो हे सरकारने ओळखले, ते योग्यच केले. पूर्णेच्या खोऱ्यात जमीन सपाट आहे, पण खाली खडक नाही. तिथेही पाया महाग पडतो. ती सपाटी फसवी आहे एवढे हिशेबात धरा, अशी मागणी वऱ्हाडने एकमुखाने करायला हवी.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांनी घरे बांधली असतील, काहींची बांधायची असतील. गाडगेबाबा याच दर्यापूरच्या मुलखातले. ऋणमोचनच्या जत्रेत पूर्णेच्या चिखलात लोकांचे हाल होतात हे पाहून त्यांनी लोकांच्याच हातांनी तिथे घाट बांधविला. पायाखालच्या चिखलाचा प्रश्न हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्या निरक्षर माणसाने ओळखले होते. तेव्हा भूखंड घेताना सातबारा पाहता, तशी माती पाहा. घराचा नकाशा काढणाऱ्याला खोल्या विचारण्यापूर्वी पाया विचारा. सांडपाणी भिंतीपासून दूर न्या आणि घराभोवती फरसबंदी करा, म्हणजे कडेची माती एकदम सुकणार नाही. आणि खणणारा माणूस ‘भाऊ, इथे काळी अजून खाली आहे’ असे म्हणाला, तर त्याला मजुरी वाढवून मागण्याचा बहाणा समजू नका. त्या दिवशी अजून दोन हात खणण्याचा खर्च करा. त्याचे म्हणणे कानाआड टाकण्याचा खर्च पुढे दर उन्हाळ्यात द्यावा लागतो, आणि तोही बहुधा ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही नाही त्यांना.